मंजूर नकाशात नसलेली खोली

मी, खाली सही करणार, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, नगरपालिकेच्या बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला तपासनीस, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं, स्वतःच्या मर्जीनं आणि स्वतःच्याच चष्म्यातून बघून लिहून ठेवतो.

डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत उलटं मोजायला लावलं. मी न अडखळता दोनपर्यंत आलो. शिवाय त्यांच्या दवाखान्याचं दार आत उघडतं, ते बाहेर उघडायला हवं, हेही सांगितलं. ते म्हणाले, "काका, दाखला देतो, पण आता बास." कोणी मला धाक दाखवलेला नाही, आमिष दाखवलेलं नाही, गळ घातलेली नाही. मुलीनं एक प्रश्न विचारला, एवढंच. तो पुढे येईल.

सगळ्यांची पूर्ण नावं आणि पत्ते शेवटी जोडलेल्या यादीत आहेत. मजकुरात मी माणसांना जशी ओळखतो तशी लिहिणार आहे, नाहीतर वाचताना मलाच हे कुणा परक्याचं मृत्युपत्र वाटेल.

कलम १. बारा वर्षांपूर्वी केलेलं मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करतो. त्यात खोटं काही नव्हतं. त्यात लिहिलं होतं, "तळमजल्यावरील दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर व मागील अंगण हे मुलगा व मुलगी यांना समसमान." गेल्या वर्षी मुलगी माझ्या कपाटात विजेचं बिल शोधत होती, तेव्हा ते तिच्या हाती लागलं. तिनं ते उभ्या उभ्या वाचलं, पान उलटून मागे काही आहे का तेही पाहिलं, आणि मला विचारलं,

"बाबा, यात माझी खोली कुठे आहे?"

मुलगी माझी थोरली. पन्नाशीची आहे, शिवणकाम करते. लग्न मोडून ती परत आली तेव्हा दोन बॅगा आणि शिलाई मशीन घेऊन आली, आणि तेव्हापासून गेली चोवीस वर्षं आमच्या घराच्या वरच्या खोलीत राहते. तिथेच तिचं मशीन, तिथेच कापड बेतायचं टेबल, तिथेच तिची झोपायची खाट.

"राहून गेलं असेल," मी म्हणालो.

"तुमचं?" ती म्हणाली. "तुमचं कधी काही राहून जातं का?"

तिचं बरोबर होतं. ऑफिसात मला फूटपट्टी म्हणायचे ते उगाच नाही. राहून काही गेलं नव्हतं. ती खोली मी मुद्दाम लिहिली नव्हती, कारण आमच्या घराच्या मंजूर नकाशात वर खोलीच नाही. तिला परवानगी नाही. सरकारदरबारी मुलगी चोवीस वर्षं हवेत राहते आहे. उद्या मी डोळे मिटले आणि कुणी साधी एक तक्रार केली, तर खात्याची माणसं येऊन ती खोली पाडू शकतात, आणि तिच्याकडे दाखवायला एक कपटासुद्धा नाही. त्या दिवशी मी तिला समोर बसवून सगळं सांगितलं. तेच इथे लिहितो, कारण घर ज्यांच्या हाती जायचं त्यांना घराची खोड माहीत असायला हवी.

कलम २. घर कसं घेतलं याबद्दल.

एकतीस वर्षं माझं काम एकच. लोकांच्या घरी जायचं, मंजूर नकाशा उघडायचा आणि तो हातात धरून खोलीखोलीतून फिरायचं. घरात आहे आणि नकाशात नाही, असं जे जे दिसेल ते लाल पेन्सिलीनं लिहायचं. घर विकत घेणारे लोक सल्ला विचारायला यायचे, त्यांनाही मी हेच सांगायचो. विसार देण्याआधी नकाशा मागा, तो घेऊन घरभर फिरा, आणि मगच खिशात हात घाला. असं मी शेकडो लोकांना सांगितलं असेल.

सव्वीस वर्षांपूर्वी मी स्वतः हे घर घेतलं, तेव्हा यातलं काहीही केलं नाही.

घर एका बेकरीवाल्याचं होतं. त्यानं पूर्णत्वाचा दाखला टेबलावर ठेवला. बांधकाम नकाशाप्रमाणे झालं आहे असं खातं ज्या कागदावर लिहून देतं, तो हा कागद. खाली सही कुणाची? माझी. त्याच्या आठ वर्षं आधी मीच ते घर तपासून पास केलं होतं. दुसऱ्या कुणाची सही असती तर मी कागद उजेडात धरला असता, शिक्का निरखला असता, नकाशाची प्रत मागवली असती. स्वतःची सही दिसली आणि मी दाखल्याची घडी घालून तो खिशात ठेवला. मधल्या काळात इतकी घरं पाहिली होती की पास केलं तेव्हा या घरावर नुसती गच्ची होती, हे मला आठवलंच नाही. दाखल्यावर स्पष्ट "तळमजला" लिहिलं होतं. तोही शब्द माझ्याच अक्षरात.

मुलांची आई जिन्याच्या पायथ्याशी उभी होती. तिनं वर बघत विचारलं, "अहो, हा वरचा जिना मंजूर आहे का?"

"अगं, या घरावर माझी सही आहे," मी म्हणालो.

"वहिनी, सगळं झालंय," बेकरीवाला म्हणाला.

चार महिन्यांनी नळाच्या जोडणीसाठी नकाशाची प्रत काढली, तेव्हा जिन्याच्या जागी कोठी दिसली. बेकरीवाल्यानं माझी सही झाल्यावर तीन वर्षांनी मैद्याची पोती ठेवायला वर खोली चढवली होती. ना अर्ज, ना नकाशा. मी तणतणत बेकरीत गेलो. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तपासनीस तुम्ही. तुम्हाला दिसलं नाही ते मी काय दाखवणार?" तो आता हयात नाही. त्याच्यावरचा राग मी या कलमानं सोडून देतो. त्या रागापायी मी सव्वीस वर्षं त्याच्या बेकरीची पायरी चढलो नाही आणि गावातला सगळ्यात चांगला पाव खाल्ला नाही, म्हणजे नुकसान झालं ते माझंच.

घरी येऊन नकाशा दाखवला. मुलांची आई म्हणाली, "मग आता?"

"बघू," मी म्हणालो.

ते "बघू" सव्वीस वर्षं चाललं. तेव्हाच अर्ज केला असता तर फार काही झालं नसतं. खातं आठवडाभर हसलं असतं, दंड भरून खोली नियमित झाली असती. मी हसं होण्याला घाबरलो, एवढंच खरं कारण आहे. मुलांची आई नऊ वर्षांपूर्वी गेली. नकाशा दाखवला त्या दिवसानंतर तिनं पुन्हा कधी जिन्याचा विषय काढला नाही. भांडली असती तर बरं झालं असतं असं मला आता वाटतं.

कलम ३. मुलासाठी.

मुलगा धाकटा. दुसऱ्या शहरात त्याचं चष्म्याचं दुकान आहे आणि सध्या तो विकत घ्यायला घर बघतो आहे. बाळा, तुला हे मृत्युपत्रातून सांगावं लागतंय कारण फोनवर तू "हो बाबा, हो बाबा" म्हणतोस आणि मागे टीव्ही चालू असतो.

विकणारा "सगळं झालंय" म्हणाला की विचार, काय काय झालंय आणि त्याचा कागद कुठाय. नकाशा घे आणि दारं-खिडक्या मोज. भिंतीचा रंग एकीकडे नवा आणि दुसरीकडे जुना दिसला तर थांब. बंद केलेली बाल्कनी, मागे काढलेली न्हाणी, गच्चीवरची खोली यांची परवानगी वेगळी मागून घे. ती नसेल तर घाबरून पळू नकोस, आणि "पुढे बघू" असंही म्हणू नकोस. खोली किती पक्की आहे ते आधी इंजिनिअरकडून बघून घे. मग विकणाऱ्यालाच ती नियमित करायला लाव आणि तसं झाल्याशिवाय खरेदी होणार नाही हे करारात लिहून घे. शेजाऱ्यांशी बोल, कारण भिंत कधी चढली हे त्यांना तारखेसकट माहीत असतं. आणि कागदावर कुणाची सही आहे ते नंतर बघ, कशावर आहे ते आधी बघ.

कलम ४. शेजारच्या छत्रीवाल्यांबद्दल. हे कलम लांबलं आहे, त्याला इलाज नाही.

आमच्या पूर्वेच्या हद्दीपलीकडे छत्रीवाल्यांचं घर. ते छत्र्या बनवतात आणि दुरुस्त करतात. आज ते एक्क्याऐंशीचे आहेत. त्यांच्या अंगणात पत्र्याची शेड होती, तिथे बसून त्यांची बायको छत्र्यांचं कापड शिवायची. तेवीस वर्षांपूर्वी कुणाच्या तरी अर्जावरून ती शेड तपासायचं काम माझ्याकडे आलं. हद्दीपासून जेवढं अंतर सोडायला हवं त्यात ती आठ इंच पुढे होती. मी नोटीस काढली. छत्रीवाले ऑफिसात आले, बाकावर तीन तास बसले, मग माझ्यापुढे येऊन म्हणाले, "साहेब, आठच इंच हो." मी म्हणालो, "आठ असो नाहीतर ऐंशी." शेड पाडली, तेव्हा मी टेप घेऊन जातीनं उभा होतो.

आता खरी गोष्ट. माझ्या डोक्यावर, त्याच हद्दीच्या बाजूला, माझी स्वतःची वरची खोली होती. तिची भिंतही आठच इंच पुढे होती. मला ते माहीत होतं. हे काम दुसऱ्या तपासनीसाकडे द्या, असं साहेबांना सांगायला एक मिनिट लागलं असतं, पण त्यांनी कारण विचारलं असतं. म्हणून मी गप्प बसलो आणि नोटिशीवर सही केली. त्या दिवसापासून छत्रीवाले माझ्याशी बोलले नाहीत. मीही गेलो नाही. कोणत्या तोंडानं जाणार होतो?

मुलीच्या प्रश्नानंतर तीन आठवड्यांनी मी माझ्या जुन्या ऑफिसात अर्ज घेऊन गेलो. आता तिथे तपासनीस बाई आहेत, मुलीहून बऱ्याच लहान. मला त्यांनी त्याच बाकावर बसवलं. तो बाक डगमगतो. एकतीस वर्षं मी लोकांना त्यावर बसवत आलो आणि हे मला माहीत नव्हतं. माझी पाळी आली तेव्हा बाईंनी अर्ज वाचला आणि वर न बघता विचारलं, "परवानगी कुठाय?" अगदी माझ्याच सुरात.

"नाही," मी म्हणालो.

"घर घेताना बघितली नव्हती?"

"नाही."

"काय काम करत होता आपण?"

मी सांगितलं. मग त्यांनी वर पाहिलं. हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

त्या घरी आल्या. मी नकाशा धरायला पुढे झालो तर म्हणाल्या, "काका, तुम्ही खुर्चीवर बसा." इंजिनिअरनं तुळईवरचा गिलावा फोडून आतलं काम बघितलं आणि सांगितलं की ही खोली आमच्या तळमजल्याहून मजबूत आहे. पोत्यांच्या वजनासाठी बेकरीवाल्यानं परवानगी सोडून कशातच कसर केली नव्हती. जिना मात्र फार उभा होता, तो मोडून नवा करावा लागेल असं ठरलं. बाकी राहिले ते आठ इंच. बाई म्हणाल्या, "त्या बाजूच्या शेजाऱ्यांची हरकत नाही असं लेखी पत्र आणा. मग नियमित होईल. नाही मिळालं तर भिंत पाडून मागे घ्यावी लागेल."

भिंत मागे घेतली तर वर खाट राहिली असती किंवा टेबल राहिलं असतं, दोन्ही नाही. मुलीनं ते ऐकलं आणि खाली येऊन भांडी घासायला लागली. भांडी घासलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पत्राचा नमुना खिशात घालून शेजारी गेलो. छत्रीवाले ओट्यावर बसून एका छत्रीच्या काड्या सरळ करत होते. मला बघून म्हणाले,

"या साहेब. किती इंच?"

"आठ," मी म्हणालो.

"माहीत आहे." ते आत गेले आणि एक पिवळा पडलेला कागद घेऊन आले. खात्याच्या नावानं लिहिलेली तक्रार होती. तारीख शेड पाडल्याच्या तिसऱ्या दिवसाची. तपासनीसाच्या स्वतःच्या घरावर विनापरवाना खोली आहे, तिची भिंत इतकी इतकी पुढे आहे, सगळं मुद्देसूद. आकडे त्यांनी छत्रीच्या दांड्यानं मोजून घेतले होते आणि पाव इंचानंही चुकले नव्हते.

"दिली का नाही?" मी विचारलं.

"द्यायलाच निघालो होतो. गल्लीच्या तोंडाशी वळून वर बघितलं. तुमची पोरगी खिडकीत मशीनवर बसलेली. परत येऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं तिला. तिच्या डोक्यावरचं छप्पर काढून माझी शेड थोडीच उभी राहणार होती? आलो माघारी."

मी ती तक्रार पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"आणि साहेब," ते म्हणाले, "शेड गेल्यावर माझं शिवणकाम कुठे होत असेल, असं कधी वाटलं नाही तुम्हाला? बायकोला मशीन ठेवायला जागा उरली नाही. तेव्हापासून माझ्या प्रत्येक छत्रीचं कापड तुमच्या त्या वरच्या खोलीत शिवलं जातं. तेवीस वर्षं झाली. पोरगी मागच्या दारानं गठ्ठा नेते, मागच्या दारानं आणून देते."

एकतीस वर्षं मी लोकांच्या घरात लपवलेल्या गोष्टी शोधत होतो. माझ्याच जिन्यावरून तेवीस वर्षं काळ्या कापडाचे गठ्ठे जात होते आणि मला वाटायचं, शाळेचे गणवेश असतील. मुलीला नंतर विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही विचारलंच नाही कधी. आणि काकूंचं काम आपल्यामुळे गेलं होतं, बाबा."

छत्रीवाल्यांना मी म्हणालो, "मी चुकलो. तेव्हा चुकलो आणि मग तेवीस वर्षं गप्प बसलो."

"नोटीस बरोबर होती," ते म्हणाले. "आठ इंच होतेच. फक्त ती तुम्ही द्यायला नको होती." मग त्यांनी माझ्याकडून पेन मागून घेतलं, पत्र दोनदा वाचलं आणि सही केली. सही करताना म्हणाले, "पोरीसाठी करतोय हां, तुमच्यासाठी नाही." मला ते पूर्ण मान्य आहे.

ती तक्रार त्यांनी मला देऊन टाकली. ती घराच्या खरेदीखताला टाचून ठेवली आहे. माझ्यानंतर कुणीही ती काढून टाकू नये.

कलम ५. वाटणी.

वरची खोली आणि तिच्याकडे जाणारा जिना हे पूर्णपणे मुलीचं. तिनं तिथे राहावं, शिवावं, भाड्यानं द्यावं किंवा विकावं, कुणी विचारू नये. तळमजला मुलाचा. मात्र मुलीचा स्वयंपाकघरावरचा, न्हाणीघरावरचा आणि मागच्या दारावरचा हक्क ती हयात असेपर्यंत राहील. मागचं दार मी मुद्दाम लिहिलं आहे. बँकेत जे असेल ते दोघांत अर्धं अर्धं. मुलाला हे फोनवर वाचून दाखवलं तेव्हा टीव्ही बंद होता. तो म्हणाला, "ताईची खोली ताईचीच होती बाबा. पण हे सांगायला सव्वीस वर्षं?" आणि त्यानं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःहून फोन केला आणि नव्या जिन्याला कठडा कुठल्या लाकडाचा करणार ते विचारलं.

कलम ६. किरकोळ वस्तू.

माझा नकाशाचा तिरपा फळा आणि काटकोन आखायचे दोन्ही गुण्ये मुलीला, कापड बेतायला उपयोगी पडतील. ऑफिसातल्या टाचणीनं, म्हणजे आमच्या आवक-जावक कारकुनानं, माझी घडीची फूटपट्टी चाळीस वर्षांपूर्वी "आत्ता आणतो" म्हणून नेली. तिची रिकामी चामडी पिशवी माझ्याकडे आहे. ती त्याला द्यावी. पितळी डबीतला माझा शंभर फुटी टेप छत्रीवाल्यांना द्यायचा आहे, पण साक्षीदारानं मृत्युपत्रातून काही घेऊ नये हा नियम मी लोकांना सांगत आलो आहे, म्हणून तो आजच त्यांच्या हातात दिला. ते म्हणाले, "दांड्यानं बरोबर मोजतो मी." तरी ठेवून घेतला.

कलम ७. या मृत्युपत्राचा मसुदा चार महिन्यांपासून तयार होता. फक्त या कलमात परवान्याच्या क्रमांकाची जागा कोरी होती आणि ती भरल्याशिवाय मी सही करणार नव्हतो. तपासनीस बाईंनी नवा जिना दोनदा नापास केला. पहिल्यांदा एक पायरी बाकीच्यांपेक्षा अर्धा इंच उंच होती म्हणून, दुसऱ्यांदा कठडा हलत होता म्हणून. दोन्ही वेळा त्यांचं बरोबर होतं. या मंगळवारी परवाना आला. क्रमांक दोनशे सतरा, सोबत सुधारित नकाशा, त्यात वर एक खोली, एक खिडकी आणि जिन्याच्या चौदा पायऱ्या. कलम पाचमधली वरची खोली ती हीच, आणि हा क्रमांक त्या कलमाचाच भाग समजावा.

मुलीनं नकाशा टेबलावर पसरला आणि त्या चौकोनावर कितीतरी वेळ हात ठेवून बसली. मग म्हणाली, "बाबा, सही वरच करू या." गुडघ्यांमुळे मी चार वर्षं वर गेलो नव्हतो. या जिन्यानं गेलो, मध्ये एकदाच थांबलो.

थांबलो तेव्हा मुलांच्या आईची आठवण झाली. तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून राहून गेलं होतं, ते इथे नोंदवतो. हो गं, वरचा जिना मंजूर आहे.

सही: (अक्षर कापरं आहे, पण माझंच आहे)

साक्षीदार १: छत्रीवाले, पूर्वेकडचे शेजारी. संपूर्ण वाचून, कलम चार दोनदा वाचून.

साक्षीदार २: डॉक्टर. दवाखान्याचं दार आता बाहेर उघडतं.

दिनांक: सोळा ऑक्टोबर, सकाळी अकरा.

स्थळ: वरची खोली.